'आदेशावरून' म्हणजे कोणाच्या? एका उद्यानफलकामागची नस्ती शोधताना

नवी मुंबईत सेक्टरागणिक एक उद्यान आहे आणि जवळजवळ प्रत्येक उद्यानाच्या फाटकाशी लोखंडी फलक आहे. आम्ही ज्या फलकाच्या मागे लागलो त्यावर अकरा ओळी होत्या. फुलं तोडू नयेत, कचरा टाकू नये, कुत्रे आणू नयेत, इथपर्यंत ठीक. पुढे: फोटो काढण्यास मनाई. गटाने बसण्यास मनाई. वाद्य वाजवण्यास मनाई. जोडप्यांनी बाकावर बसू नये. व्यायामाव्यतिरिक्त अन्य कारणासाठी थांबू नये. सर्वात खाली एकच शब्द: आदेशावरून. कोणाच्या, कोणत्या तारखेच्या, कोणत्या क्रमांकाच्या, काहीच नाही.

त्या एका शब्दाचा छडा लावायला आठ महिने गेले. त्या वाटेवर काय-काय करावं लागतं, कुठे अडतं आणि का अडतं, ते इथे क्रमाने लिहितोय. कार्यालयाचं आणि उद्यानाचं नाव मुद्दाम देत नाही, कारण असे फलक ठाणे-बेलापूर पट्ट्यात इतरत्रही सापडतील आणि पद्धत सगळीकडे तीच लागू पडते.

सुरुवात २६ मे २०२४, रविवार संध्याकाळ. गवतावर गोल करून बसलेल्या पंधरा जणांच्या वाचनगटाला सुरक्षारक्षकाने उठवलं. कारणं तीन सांगितली: फलक, आचारसंहिता आणि '१४४ लागू आहे'. तिन्ही वेगळी असतात, पण बोलताना लोक त्यांची एकच मोळी बांधतात. ती आधी सोडवावी लागते.

आचारसंहिता पक्ष, उमेदवार आणि सत्तेतल्या सरकारसाठी असते. पुस्तक वाचणाऱ्या पंधरा जणांशी तिचा संबंध नाही. '१४४' म्हणजे तेव्हाच्या फौजदारी प्रक्रिया संहितेतलं कलम. १ जुलै २०२४ पासून त्याची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ ने घेतली आहे, लोकांच्या तोंडात मात्र आकडा जुनाच आहे. आपल्याकडे पोलीस आयुक्तालयांच्या हद्दीत प्रत्यक्षात बहुतेकदा जो आदेश निघतो तो महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३७ खाली. त्यातही ३७(१) हे शस्त्रं, दगड, पुतळ्यांचं प्रदर्शन, चिथावणीखोर घोषणा अशा गोष्टींबद्दल आहे. जमाव आणि मिरवणुकीबद्दलचं पोटकलम ३७(३). राज्य सरकारच्या मंजुरीशिवाय ३७(३) खालची मनाई पंधरा दिवसांपेक्षा जास्त चालत नाही. म्हणून कोणी 'जमावबंदी आहे' म्हणालं की वाद न घालता आदेशाची प्रत बघायला मागावी आणि तीन गोष्टी वाचाव्यात: किती तारखेपासून किती तारखेपर्यंत, कोणत्या हद्दीत, आणि शेवटी दिलेल्या अपवादांत काय-काय आहे. लग्न, अंत्ययात्रा, शाळा, चित्रपटगृह हे अपवादांत सहसा असतात. आदेश गुपचूप ठेवता येत नाही. काश्मीरमधल्या इंटरनेटबंदीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १० जानेवारी २०२० रोजी सांगितलं की १४४ खालचे आदेश प्रसिद्ध केले पाहिजेत आणि तेच आदेश पुन्हा-पुन्हा काढत राहणं हा अधिकाराचा गैरवापर ठरेल.

आचारसंहिता आणि १४४ अशी बाजूला काढली की फलक उरतो. त्याचा समाचार घ्यायला माहितीचा अधिकार पुरतो.

पहिलं काम, फलकाचा फोटो. तारीख-वेळ दिसेल असा, पूर्ण अकरा ओळी वाचता येतील असा, आणि एक लांबून, फाटक दिसेल असा. फोटोला मनाई करणाऱ्या फलकाचाच फोटो काढताना रक्षक येतो, हे गृहीत धरा. शांतपणे काढा आणि निघा. फोन हिसकावून घ्यायचा किंवा त्यातलं काही पुसायला लावायचा अधिकार रक्षकाला कोणताही कायदा देत नाही. पण तो बिचारा कंत्राटावर आहे, फलक त्याने लिहिलेला नाही. त्याच्याशी भांडून नस्तीतला, म्हणजे सरकारी फाइलमधला, एकही कागद बाहेर येत नाही.

मग माहिती अधिकाराचा अर्ज. पहिला मसुदा आम्ही वाचनगटाच्या नावाने केला होता आणि तो आवक खिडकीवरूनच परत आला. खिडकीचं बरोबर होतं. कलम ३ प्रमाणे हा अधिकार नागरिकाला आहे, मंडळाला किंवा संस्थेला नाही. अर्ज एका माणसाच्या नावाने, त्याच्या सहीने करायचा. त्या मसुद्यात दुसरी चूक मोठी होती. त्यात पाच प्रश्न होते आणि पाचही 'का' ने सुरू होणारे. गटाने बसायला बंदी का? फोटोला बंदी का? कायद्यात माहिती म्हणजे कुठल्यातरी नोंदीत, कागदात, नस्तीत असलेली गोष्ट. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने २००८ मध्ये स्पष्ट केलं आहे की 'का' चं उत्तर या व्याख्येत येत नाही. 'आपण मागितलेली माहिती प्रश्नार्थक स्वरूपाची असल्याने देता येत नाही' हे वाक्य ज्यांना-ज्यांना आलं असेल, त्यांच्या अर्जात बहुधा हेच झालेलं असतं. उत्तर मागू नका, कागद मागा.

महाराष्ट्राच्या नियमांत २०१२ च्या दुरुस्तीनंतर आणखी दोन बंधनं आहेत. अर्ज एकाच विषयाचा हवा, आणि मजकूर साधारणपणे १५० शब्दांच्या आत. ही मर्यादा त्रासाची वाटते, पण तिच्यामुळे मसुदा सुधारतो. आमच्या दुसऱ्या मसुद्यात विषय एका ओळीचा होता: अमुक सेक्टरमधील उद्यानाच्या प्रवेशद्वारावरील सूचनाफलकाबाबत. त्याखाली चार मागण्या. फलकावरील मजकुराला मंजुरी देणारा ठराव, उपविधी, परिपत्रक किंवा कार्यालयीन आदेश यांची प्रमाणित प्रत. फलक तयार करून बसवण्याच्या नस्तीतील टिपणी, अंदाजपत्रक आणि कार्यादेश यांच्या प्रती. फलकावरील मनाई मोडल्यास दंड आकारण्याचे अधिकार कोणाला प्रदान केले त्या आदेशाची प्रत. आणि या नस्तीची प्रत्यक्ष तपासणी करण्याची परवानगी. शब्द भरले नव्वदच्या आसपास.

'ठराव' एवढंच लिहून थांबू नका. नवी मुंबईत २०२० पासून आणि ठाण्यात २०२२ पासून बराच काळ प्रशासक होते. त्या काळात महासभेऐवजी प्रशासकीय ठराव होत. फक्त महासभेचा ठराव मागितला की 'असा ठराव नाही' हे उत्तर शब्दशः खरं ठरतं आणि तुमच्या हाती काही लागत नाही. उपविधी, म्हणजे महापालिकेने स्वतः केलेले नियम, हा शब्द हवाच. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ४५८ खाली महापालिकेला उपविधी करता येतात, पण ते अमलात यायला हरकती मागवणं आणि राज्य सरकारची मंजुरी हे टप्पे आहेत. म्हणजे खरा उपविधी असेल तर त्याचा कागदी माग असतोच.

अर्ज जोडपत्र 'अ' च्या नमुन्यात. शुल्क १० रुपये, कोर्ट फी स्टॅम्प लावणं सर्वात सोपं. ठाण्याच्या कोर्ट नाक्यावर विक्रेते बसतात, दहाचे सहा आणि विसाचे दोन एकदमच आणून ठेवा. ऐनवेळी एका स्टॅम्पसाठी अर्धा दिवस जातो. रोख भरली तर पावती घ्या. दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला शुल्क नाही, पण दाखल्याची प्रत जोडावी लागते. माहिती कशासाठी हवी हे सांगण्याची गरज नाही, कलम ६(२) तसं स्पष्ट म्हणतं. खिडकीवर कोणी विचारलं तर 'कलम सहा दोन' एवढं म्हणून हसावं. पुरतं.

१० जून २०२४, सोमवारी अर्ज दिला. दोन प्रती नेल्या, दुसरीवर आवक क्रमांक, तारीख आणि गोल शिक्का घेतला. ही पोच म्हणजे पुढच्या सगळ्या मुदतींचा खुंटा. शिक्क्यावरची तारीख तिथल्या तिथे वाचा. आमच्या प्रतीवर शाई इतकी फिकी होती की शिक्का दुसऱ्यांदा मारून घ्यावा लागला.

नवी मुंबईत एक गंमत आहे. भूखंड एका यंत्रणेने विकसित केलेला असतो, हस्तांतर झालेलं असतं किंवा अर्धवट असतं, आणि देखभाल दुसरीकडे. त्यामुळे उद्यान नक्की कोणाचं हे उद्यानात उभं राहून कळत नाही. अर्ज चुकीच्या दारात गेला तरी घाबरू नका. कलम ६(३) प्रमाणे तो योग्य कार्यालयाकडे पाच दिवसांत वर्ग करायचा असतो आणि तुम्हाला तसं कळवायचं असतं. आम्हाला वर्ग केल्याचं पत्र २१ जूनला मिळालं. नवीन कार्यालयात अर्ज १८ जूनला पोचला होता. तीस दिवस त्या तारखेपासून मोजले जातात, म्हणजे १८ जुलै. कॅलेंडरवर ती तारीख लाल पेनाने लिहिली.

या मधल्या महिन्यात करण्यासारखं काही नसतं आणि नेमकं तेव्हाच सोडून द्यावंसं वाटतं. एका फलकासाठी एवढा खटाटोप कशाला, असं गटातल्या निम्म्यांचं म्हणणं. दोन जणांनी येणंच थांबवलं, आपलं नाव कुठे नको म्हणून. ही भीती फलकापेक्षा जास्त परिणाम करते. दंड क्वचितच होतो. लोक दंड न होताच उठून जातात.

१६ जुलैला उत्तर आलं, मुदतीच्या दोन दिवस आधी. मुद्दा एक: 'फलकावरील मजकूर नागरिकांच्या सोयीसाठी आहे.' मुद्दा दोन: माहिती १४ पानांची, २८ रुपये भरून घेऊन जावी. मुद्दा तीन: निरंक. मुद्दा चार: कार्यालयीन वेळेत यावे.

पहिला मुद्दा हे उत्तर नाही, हे लक्षात यायला दोनदा वाचावं लागलं. ठराव आहे, असंही म्हटलेलं नाही. ठराव नाही, असंही नाही. 'सोयीसाठी आहे' या वाक्याला अपिलात धरायचं असतं. तिसऱ्या मुद्द्याचं 'निरंक' मात्र सोन्यासारखं. दंड घेण्याचा अधिकार कोणाला दिलाच नव्हता, हे त्यांनी लेखी दिलं होतं.

पैसे भरण्याआधी नस्ती पाहून घेतली, हे बरं झालं. तपासणीचा पहिला तास मोफत असतो. शिवाय २६ नोव्हेंबर २०१८ च्या शासन निर्णयाप्रमाणे जिल्हाधिकारी कार्यालयं, जिल्हा परिषदा आणि महापालिकांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत नागरिकांना अभिलेख पाहता येतात, त्यासाठी अर्जही लागत नाही. सोमवारी सुट्टी असली तर पुढचा कामाचा दिवस. अनेक टेबलांवर हा निर्णय माहीत नसतो, त्याची छापील प्रत पिशवीत असू द्या. आम्ही २९ जुलैच्या सोमवारी गेलो. जाताना कोरे कागद, पेन्सिल आणि खुणेच्या चिठ्ठ्या नेल्या. नस्तीवर पेन चालवायचं नाही, पानाला दुमड घालायची नाही, आणि जे पान हवं त्याला चिठ्ठी लावून शेवटी यादी लिहून द्यायची. प्रत्येक नस्तीत उजवीकडे पत्रव्यवहार आणि डावीकडे टिपणी, म्हणजे अधिकाऱ्यांचे शेरे, असते. खरं काय झालं ते नेहमी डावीकडे सापडतं.

डावीकडे सापडलं ते असं. उद्यानाच्या डागडुजीचं एक काम होतं: पदपथाचे पेव्हर ब्लॉक, दोन बाक, झाडांना आळी, आणि 'सूचनाफलक ४ फूट x ३ फूट, नग ६'. टिपणीत मजकुराचा एका शब्दानेही उल्लेख नाही. अंदाजपत्रकात फक्त पत्र्याची जाडी, अँगलचा आकार, पावडर कोटिंग आणि अक्षरांचा दर. मजकूर कार्यादेशाला जोडलेल्या एका पानावर होता, आणि त्या पानावर सही कंत्राटदाराची. म्हणजे फलक बनवणाऱ्याकडे आधीच्या कुठल्यातरी कामाचा मजकूर तयार होता, तोच त्याने जोडला, आणि मंजुरी मिळाली ती पत्र्याला. गटाने बसण्यावरची बंदी कोणत्याही सभागृहात, कोणत्याही अधिकाऱ्याच्या टेबलावर ठरलीच नव्हती. ती पावडर कोटिंगसोबत आली.

तो कागद बघताना राग येण्याऐवजी आधी हसू आलं. मग ती १४ पानं घेतली, २८ रुपये, पावतीसह.

५ ऑगस्टला पहिलं अपील. उत्तर मिळाल्यापासून तीस दिवसांत, जोडपत्र 'ब', २० रुपयांचा स्टॅम्प, त्याच कार्यालयातल्या वरिष्ठ अधिकाऱ्याकडे, म्हणजे प्रथम अपिलीय अधिकाऱ्याकडे. नाव शोधत बसू नका, पदनाम पुरतं, ते उत्तराच्या पत्रातच द्यावं लागतं. अपिलात कैफियत लिहायचा मोह टाळा. आमचं अपील तीन वाक्यांचं होतं. मुद्दा १ मध्ये मंजुरीच्या कागदाची प्रत मागितली होती, दिलेलं उत्तर अभिप्राय आहे. असा कागद अभिलेखात असल्यास प्रमाणित प्रत द्यावी. नसल्यास तो नाही असं लेखी कळवण्याचे आदेश व्हावेत. सोबत कलम ४(१)(ब) चा आधार: कामकाजासाठी वापरले जाणारे नियम कार्यालयाने न मागताच प्रसिद्ध करायचे असतात.

सुनावणी ३ सप्टेंबरला झाली. अपिलाचा निर्णय तीस दिवसांत, आणि लेखी कारण दिलं तर पंचेचाळीसपर्यंत, असा नियम आहे, त्यात ती बसली. दहा मिनिटांचं काम. टेबलाच्या एका बाजूला तुम्ही, दुसऱ्या बाजूला अर्जाला उत्तर देणारा जन माहिती अधिकारी, समोर अपिलीय अधिकारी. वकील लागत नाही. कागदांचे दोन संच न्या, एक त्यांना द्यायला. आमच्याकडून एकच वाक्य बोललं गेलं: 'आहे तर द्या, नाही तर नाही म्हणून द्या.' माहिती नाकारणं योग्य होतं हे सिद्ध करायची जबाबदारी कलम १९(५) प्रमाणे त्यांची असते, तुमची नाही. हे माहीत असलं की आवाज चढत नाही.

गणपती आले, गेले. आदेश १९ सप्टेंबरला हातात पडला: पंधरा दिवसांत सुस्पष्ट उत्तर द्यावे, विनाशुल्क. १ ऑक्टोबरला ते उत्तर आलं, दीड ओळीचं. 'सदर फलकावरील मजकुरास मंजुरी दिल्याबाबतचा ठराव, उपविधी अथवा आदेश या कार्यालयाच्या अभिलेखात आढळून येत नाही.' खाली सही, शिक्का, जावक क्रमांक.

इथे अडलं असतं तर दुसरं अपील राज्य माहिती आयोगाच्या कोकण खंडपीठाकडे, बेलापूरला. नव्वद दिवसांत, जोडपत्र 'क', पुन्हा २० रुपये. तिथे रांग लांब असते, त्यामुळे पहिल्या अपिलातच मुद्दा इतका अरुंद ठेवावा की हो किंवा नाही याशिवाय तिसरं उत्तर निघू नये.

दीड ओळ मिळाली, पण फलक तसाच. माहिती अधिकाराने कागद मिळतो, कागदाने आपोआप पत्रा उतरत नाही. ७ ऑक्टोबरला साधं निवेदन दिलं, त्याला त्या उत्तराची आणि 'निरंक' ची प्रत जोडली. मागणी सगळा फलक काढण्याची नव्हती. वेळ, कचरा, झाडं, कुत्रे यांचे नियम राहू द्यावेत, ज्या पाच ओळींमागे काहीच नाही त्या पुसाव्यात. निवेदनात एक न्यायनिर्णय दिला, तो ठाणे-मुंबईकरांनी माहीत करून घेण्यासारखा आहे. हिमतलाल शहा विरुद्ध अहमदाबादचे पोलीस आयुक्त, १९७२. प्रश्न आपल्याच १९५१ च्या पोलीस अधिनियमाच्या कलम ३३ चा होता, तो गुजरातलाही लागू होता. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने म्हटलं की सार्वजनिक रस्त्यावरच्या सभेचं नियमन करता येईल, पण कोणत्याही निकषाशिवाय परवानगी नाकारायचा मोकळा अधिकार देणारा नियम टिकणार नाही. उद्यान म्हणजे रस्ता नव्हे, हे मान्य. झाडांसाठी, मुलांसाठी, झोपणाऱ्या शेजाऱ्यांसाठी तिथे जास्त नियम असू शकतात. ध्वनिक्षेपकाला तर लेखी परवानगी लागतेच आणि रात्री १० ते सकाळी ६ मोकळ्या जागी तो बंदच. पण त्यासाठी कोणीतरी विचार करून, सही करून, तारीख घालून नियम करावा लागतो.

१५ ऑक्टोबरला विधानसभेची आचारसंहिता लागली आणि पुढचे सहा आठवडे प्रत्येक टेबलावर तो एकच शब्द ऐकू आला. फलकावरच्या ओळी पुसायला आचारसंहिता आड येत नाही हे कितीही सांगितलं तरी पेंटर येत नाही. दर पंधरा दिवसांनी आवक क्रमांक सांगून चौकशी करायची, ज्याच्याशी बोललो त्याचं पदनाम आणि तारीख वहीत लिहायची, एवढंच करता येतं. डिसेंबरात पाच ओळींवर हिरवा रंग मारला गेला. हलक्या हाताने मारला होता, उन्हात 'जोडप्यांनी' अजून वाचता येत होतं.

एकूण खर्च: स्टॅम्प ३० रुपये, पानं २८, झेरॉक्स ४६. रिक्षा आणि बस धरलेली नाही.

जानेवारी २०२५ च्या शेवटच्या आठवड्यात नवीन फलक लागला. सात ओळी. फोटो, गट, जोडपी, थांबणं हे सगळं गेलं. वाद्य मात्र राहिलं. खाली पुन्हा 'आदेशावरून', पण या वेळी त्याखाली पदनाम आहे आणि क्रमांकही. त्या क्रमांकाच्या आदेशाची प्रत मागणारा अर्ज लिहून झाला आहे, एकतीस शब्दांचा. दहाचे स्टॅम्प अजून पाच शिल्लक आहेत.